पुणे कॅम्पातल्या १९०० नंतरच्या इमारती: स्टेशन, सिमला ऑफिस, कॅपिटॉल आणि बाकीच्या

सोलापूर_बाजार:
नमस्कार मंडळी. पुण्याच्या वाड्यांवर इथे ढीगभर धागे आहेत आणि ते मी आवडीने वाचतो, पण लष्कर भागावर, म्हणजे आमच्या कॅम्पावर कुणी लिहायला घेतलं की गाडी सेंट मेरी चर्च (१८२५), लाल देऊळ (१८६७), कौन्सिल हॉल इथपर्यंत येते आणि थांबते. जणू १९०० साल उजाडलं आणि कॅम्पात वीट रचायचं काम बंद पडलं. माझं म्हणणं असं की आज आपण ज्या पुण्यात रोज वावरतो, त्यातला बराच भाग १९०० ते १९४५ या काळात उभा राहिलाय, आणि त्याची कुणी विचारपूस करत नाही कारण तो अजून वापरात आहे. वापरातली इमारत आपल्याला ऐतिहासिक वाटतच नाही, ती पडायला आली की मग बातमी होते.

तर हा धागा त्या इमारतींसाठी. सुरुवात मी करतो, तुम्ही भर घाला.

पहिली अर्थातच पुणे स्टेशन. रेल्वे पुण्यात आली १८५८ ला, पण आजची दगडी इमारत सुरू झाली २७ जुलै १९२५ ला, गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. रोज लाखभर माणूस तिच्या पोटातून जातो आणि मान वर करून बघणारा विरळा. पुढच्या वेळी रिक्षातनं उतरलात की लगेच आत पळू नका, पार्किंगच्या बाजूला जरा मागे सरून उभे राहा आणि मधला उंच भाग, दोन्हीकडे सारख्या पसरलेल्या बाजू, खालचा पोर्च हे सगळं एका नजरेत घ्या. ही इमारत नुसती गाडी पकडायला बांधलेली नाहीये, गव्हर्नर, त्याचा लवाजमा आणि पलटणी उतरवायला बांधलेली आहे, आणि ते तिच्या समोरच्या बाजूवरून सरळ कळतं.

दुसरी, सिमला ऑफिस. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात हलवलं त्यासाठी बांधलेली काळ्या दगडाची इमारत, मध्ये मनोरा. मुख्यालय पुढे १९४४ ला दिल्लीला गेलं पण नाव राहिलं, चौकालाही तेच.

तिसरी, ईस्ट स्ट्रीटवरचं कॅपिटॉल, म्हणजे नंतरचं व्हिक्टरी थिएटर. त्यावर खाली सविस्तर लिहीन, ती गोष्ट दोन ओळीत उरकण्यासारखी नाही.

आणि एक गंमत तारखा लिहिताना लक्षात आली. लॉइड पूल, आपला नवा पूल हो, त्याचं उद्घाटन १७ सप्टेंबर १९२३, सर जॉर्ज लॉइड. स्टेशन २७ जुलै १९२५. सिमला ऑफिस जुलै १९२८. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १६ जून १९२८. सगळं भर पावसाळ्यातलं! कारण मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला असायचा, गणेशखिंडीतल्या बंगल्यात, जिथे आज विद्यापीठ आहे, आणि कायदेमंडळाची बैठकही कौन्सिल हॉलमध्ये पावसाळ्यातच भरायची. म्हणजे पुणं हे पावसाळ्याची राजधानी होतं आणि फीत कापायची तर ती पावसातच.

रेल्वे_वेडा:
मस्त धागा, वाचनखूण साठवली. स्टेशनबद्दल थोडी भर. इमारत १९२५ ची आणि लगेच पुढच्या पाच वर्षांत सगळं बदललं बघा. मुंबई-पुणे मार्गावर वीज आली, घाटात वाफेच्या इंजिनांची जी कसरत चालायची ती संपली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. त्यामुळे त्या इमारतीने वाफेचा काळ जेमतेम पाच वर्षं मुंबईच्या बाजूने पाहिला, मिरजेकडे मात्र मीटर गेजवर वाफ पुढे कितीतरी वर्षं चालू होती. एकाच स्टेशनात एकीकडे विजेची गाडी आणि दुसरीकडे धूर, असा तो जमाना.

अजून एक, रेल्वेने इमारत कॅम्प आणि गाव यांच्या मधोमध पण तोंड लष्कराच्या सोयीचं अशी ठेवलीय. स्टेशनातनं बाहेर पडलं की सरळ कॅम्पात जाता येतं, पेठेत जायचं तर आधी ससूनला वळसा. आजही पेठेतला माणूस स्टेशनला जायचं म्हटलं की कुरकुरतो ते उगाच नाही.

अनवट_वाट:
धागा छान आहे पण एक शंका. गॅरिसन टाऊन, म्हणजे लष्करी तळाचं गाव, म्हणून बघायचं तर सिमला ऑफिस, नवा पूल, पुतळा हे शिवाजीनगरला आणि गावाच्या हद्दीवर, यांचा लष्कराशी काय संबंध? नाहीतर मग सगळं पुणंच या धाग्यात घालावं लागेल.

सोलापूर_बाजार:
@अनवट_वाट, रास्त शंका. पण पुण्यात लष्कर म्हणजे फक्त मेन स्ट्रीटच्या आसपासचा भाग नाही. तीन कॅन्टोन्मेंट आहेत, पुणे, खडकी आणि देहूरोड. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या शहराला पूर्वेकडून आणि वायव्येकडून असं दोन्ही अंगांनी धरलं. आता कॅम्प आणि खडकी यांच्या मधल्या पट्ट्यात काय येतं? स्टेशन, संगम, भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर, आणि गणेशखिंडीचा रस्ता. सरकारला जे काही मोठं बांधायचं होतं ते याच पट्ट्यात बांधलं गेलं कारण जमीन हाताशी होती, रस्ते लष्कराने आधीच आखलेले होते आणि पेठांतल्या गर्दीत शिरायचं नव्हतं. त्यामुळे सिमला ऑफिस कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत नसलं तरी ते तिथे आहे याचं कारण लष्कर आहे. पुतळ्याचं तर विचारूच नका, तो पलटणींच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. त्यावर भांबुर्डेकर लिहितील अशी आशा, त्यांचा तो विषय आहे.

भांबुर्डेकर:
हाक मारलीत म्हणून आलो. 😊

पहिलं महायुद्ध संपलं, त्यात मराठा पलटणींची माणसं मेसोपोटेमियात आणि कुठे कुठे कामी आली. त्यांच्यासाठी मराठा वॉर मेमोरियल आणि त्याच्याच जोडीला शिवाजी महाराजांचं स्मारक अशी दोन कामं एकदम निघाली. शिवस्मारकामागे मुख्य खटपट कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. दोन्हीचे कोनशिला समारंभ १९ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून झाले. आता त्या तारखेकडे नीट बघा. तो राजपुत्र मुंबईत उतरला १७ नोव्हेंबरला, असहकाराचा जोर, मुंबईत हरताळ आणि दंगल चाललेली, आणि दोन दिवसांनी पुण्यात हा समारंभ. शाहू महाराज स्वतः पुढच्याच वर्षी ६ मे १९२२ ला गेले, पुतळा त्यांना बघायला मिळाला नाही. मला हे दर वेळी तिथून जाताना आठवतं आणि वाईट वाटतं.

पुतळा केला नानासाहेब करमरकरांनी, अलिबागजवळच्या सासवण्याचे. माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला, म्हणजे तुकडे करून जोडलेला नाही. एवढा साडेतेरा फुटी घोडा आणि स्वार एकाच ओतकामात काढणं म्हणजे साचा फुटला, धातू कुठे कमी पडला, हवा अडकली की सगळं मुसळ केरात. ते जमवून १६ जून १९२८ ला शिवाजीनगरच्या मिलिटरी स्कूलच्या आवारात तो उभा राहिला.

बघायला गेलात तर घोड्याच्या पायांकडे बघा. सगळं वजन ज्या पायांवर आहे तिथले स्नायू ताणलेले दाखवलेत आणि उचललेल्या पायाचे सैल. चाळीस फुटांवरून हे दिसत नाही, जवळ जावं लागतं. आणि जमलं तर सासवण्याला करमरकरांचं घर आहे, तिथे त्यांची शिल्पं मांडलेली आहेत, नक्की जाऊन या, कोकणात फिरायला जाणारे निम्मे लोक त्या रस्त्याने जातात आणि थांबत नाहीत.

मोदीखाना_गल्ली_२:
सोलापूर_बाजार दादा, तुमच्या यादीत बाबाजान चौक नाही हे चालणार नाही हं. आमचं सगळं बालपण त्या दर्ग्याच्या सावलीत गेलंय.

हजरत बाबाजान या सूफी संत १९०५ च्या सुमारास पुण्यात आल्या आणि पुढे चार बावडीला कडुलिंबाच्या झाडाखाली बसू लागल्या. छप्पर नाही, काही नाही, ऊन पाऊस तिथेच. तेव्हा तो भाग अगदी उपेक्षित होता. हळूहळू माणसं यायला लागली, हिंदू मुसलमान पारशी सगळे, पलटणीतले शिपाईसुद्धा, आणि लष्करी हद्दीत अशी रस्त्यावर गर्दी म्हणजे अधिकाऱ्यांच्या डोक्याला ताप. त्यांना हलवायचे प्रयत्न झाले, त्या हलल्या नाहीत. शेवटी कॅन्टोन्मेंट बोर्डानेच झाडाला धरून निवारा उभा केला. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या आणि त्याच झाडाखाली दर्गा झाला. कॅम्पातल्या दुसऱ्या कुठल्या इमारतीची अशी गोष्ट आहे सांगा, की जिथे नकाशा आधी नाही, माणूस आधी बसला आणि इमारत त्याच्याभोवती आली.

आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा, म्हणजे तेव्हाचे मेरवान इराणी, डेक्कन कॉलेजात शिकत होते, सायकलवरून जाता येता त्यांची बाबाजानशी भेट झाली ती इथेच, १९१३ ला. त्यांचं घर बटलर मोहल्ल्यात, इथून चालत पाच मिनिटं.

नगरी_मिसळ:
मेहेरबाबांचं नाव निघालं म्हणून नगरची भर घालतो, तेही लष्कराचंच गाव आणि इमारत याच काळातली. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावला पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांचा लष्करी तळ होता. युद्ध संपलं, तळ उठला, मागे काही बांधकामं राहिली. १९२३ मध्ये मेहेरबाबा तिथे आले आणि त्याच सोडून दिलेल्या बांधकामांत मेहेराबाद सुरू झालं. खाली रेल्वे लाइनच्या बाजूला मेस क्वार्टर्स, नाव अजून तेच चालतं. आणि वर टेकडीवर लष्कराची दगडी पाण्याची टाकी. ती टाकी पाडली नाही, तिच्यातच खोल्या काढल्या. शेजारीच मेहेरबाबांची समाधी, आत भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये काढलेली चित्रं.

पाण्याच्या टाकीला दारं-खिडक्या पाडून माणसं राहायला लागली, ही कल्पनाच मला भारी वाटते. आमच्याकडे किल्ला बघायला येतात आणि तिथून परत फिरतात, पंधरा मिनिटं पुढे गेलं तर हे आहे.

सोलापूर_बाजार:
@मोदीखाना ताई, अगदी खरं, बाबाजान चौक पहिल्या तीनात पाहिजे होता, आता वरच्या पोस्टखाली जोडतो. @नगरी_मिसळ, हे फारच उत्तम, याच्यावर वेगळा धागा काढाच.

आता कॅपिटॉल. जानेवारी १९४३. चले जाव चळवळीचे बहुतेक नेते आत, बरेच आपल्या नगरच्याच किल्ल्यात. खडकी, देहूरोड, कॅम्प सगळीकडे युद्धाची धामधूम, गोऱ्या सोल्जरांनी मेन स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट भरलेली, आणि त्यांची संध्याकाळ म्हणजे सिनेमा. २४ जानेवारीला, रविवारी, कॅपिटॉलमध्ये खेळ चालू असताना बॉम्बस्फोट झाला आणि त्यात इंग्रज मेले. त्यामागे पुण्यातल्या क्रांतिकारकांचा गट होता. स्फोटकं आली कुठून, तर लष्कराच्याच दारूगोळ्यातून, तिथे कामावर असलेल्या भास्कर कर्णिकांनी ती बाहेर काढली होती. आठवड्याच्या आत पोलिसांनी धरपकड केली आणि ३१ जानेवारीला कर्णिकांनी फरासखान्यात, पोलिसांच्या ताब्यात असताना, विष घेतलं. कुणाचं नाव सांगायची वेळ येऊ नये म्हणून. तिथे त्यांचं स्मारक आहे.

कॅम्पातली ही एकच अशी इमारत की जिच्यात साम्राज्य आणि त्याविरुद्धचा राग एकाच छपराखाली, एकाच खेळाला तिकीट काढून बसले होते. आणि पुण्यातल्या शाळेतल्या पोरांना विचारा, चापेकर माहीत असतात, रँड माहीत असतो, गणेशखिंड माहीत असते, पण कॅपिटॉल म्हटलं की कोरा चेहरा. ते थिएटर कसं दिसतं यापेक्षा तिथे काय झालं ते सांगणारा एक नीट फलक रस्त्यावर पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुसरं थिएटर वेस्ट एंड, सोडा फाउंटनवालं, ज्याच्या आठवणी आमच्या घरातली मोठी माणसं अजून काढतात, ते तर पाडूनच टाकलं आणि जागी मोठी इमारत आली.

खडकी_स्टेशन:
खडकीकडून हजेरी. युद्ध स्मारकांचा विषय निघालाच आहे तर खडकीच्या वॉर सिमेट्रीला जाऊन या. कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या, पण तिथेच १९१४-१९१८ चं स्मारकही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेले आणि ठिकठिकाणच्या कॅन्टोन्मेंटच्या दफनभूमीत पुरलेले, ज्यांच्या कबरी आता सांभाळता येत नाहीत, अशा १८०० हून जास्त सैनिकांची नावं तिथे आहेत. म्हणजे नगर, देवळाली, बेळगाव असल्या छावण्यांतल्या हरवलेल्या कबरींचा हिशोब खडकीत लिहिलेला आहे. वयं वाचवत नाहीत, एकोणीस, वीस, बावीस.

चुनेगच्ची:
मी बांधकामातला माणूस, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून एक तळमळीने सांगतो.

या सगळ्या दगडी इमारती चुन्यात बांधलेल्या. चुना मळायच्या घाणीत मळलेला चुना, त्यात वाळू, आणि मध्ये घडीव काळा दगड. दगड पाणी पीत नाही, पावसाचं पाणी शिरतं ते सांध्यांतून, आणि बाहेरही सांध्यांतूनच पडतं, कारण चुना श्वास घेतो. शंभर वर्षांत तो चुना झिजणार, निघणार, तो झिजावा म्हणूनच तिथे आहे, दर काही वर्षांनी पुन्हा चुन्याने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या की भिंत नवी. पण आता काय करतात, टेंडर निघतं, आणि त्या दर्जांत सिमेंट भरतात, वर ठसठशीत पट्टी उठवतात आणि काळा रंगही मारतात. दिसायला चकाचक. आतलं पाणी मात्र कोंडतं, ते वाट काढतं आतल्या गिलाव्यातून, मग ओल येते, बुरशी धरते, लाकडी तुळयांची टोकं भिंतीत कुजतात आणि मग अहवाल येतो की इमारत धोकादायक झाली, पाडा. एका कामावर एका तुळईच्या टोकात मी पेचकस घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि तीच तुळई भिंतीपासून वीतभर बाहेर इतकी टणक की खिळा शिरेना. एकच लाकूड, एकच वय, फरक फक्त कोंडलेल्या पाण्याचा.

त्यामुळे इमारत वाचवा म्हणताना नुसतं पाडू नका एवढं म्हणून भागत नाही. दुरुस्ती कशाने करताय ते विचारा. चुन्याचं काम येणारे गवंडी आहेत अजून, त्यांना काम मिळालं तर पुढची पोरं शिकतील.

अनवट_वाट:
@चुनेगच्ची, या एका प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं. आमच्या सोसायटीजवळच्या एका जुन्या शाळेत हेच चाललंय, उद्याच जाऊन बोलतो. आणि @सोलापूर_बाजार, माझ्या शंकेचं उत्तर पटलं, नकाशा उघडून कॅम्प ते खडकी पट्टा बघितला, खरंच सगळं त्या ओळीत येतं.

अजून एक विचारायचं होतं, कॅम्पातले ते कौलारू बंगले इतकी वर्षं कसे काय टिकले? पेठेतले वाडे बिल्डरने गिळले, तिथे का नाही?

सोलापूर_बाजार:
त्याचं उत्तर मालकीत आहे. बऱ्याच बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची आणि वर बांधलेलं घर धारकाचं. मजला चढवायचा, भिंत हलवायची, विकायचं, प्रत्येकाला परवानगी, आणि ती मिळता मिळत नाही. राहणाऱ्यांना त्याचा त्रास खूप झाला हे मान्य केलंच पाहिजे, गळकं छप्पर दुरुस्त करायलासुद्धा कागद फिरतात. पण त्याच नियमांमुळे मोठं आवार, पुढे पोर्च, लाकडी जाळी लावलेला व्हरांडा, मागे वेगळं स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या ही रचना अजून बघायला मिळते. कौल उतरवायचं काम कुठे चालू असेल तर एक हातात घेऊन उलटं करून बघा, मागच्या बाजूला मंगळुरी कारखान्यांचे शिक्के ओतलेले असतात, कितीतरी कौलांवर बासेल मिशनचं नाव मिळेल.

आता कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घालायची बोलणी चालू आहेत. रहिवाशांच्या सोयीसाठी ते हवंच आहे, माझेही नातेवाईक वाट बघतायत, पाणी आणि रस्त्यांचा प्रश्न सुटेल म्हणून. पण ज्या दिवशी चटईक्षेत्र वाढेल त्या दिवशी या बंगल्यांचं काय करायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. कुठल्या इमारती राखायच्या त्याची यादी विलीनीकरणाआधी झाली पाहिजे, नंतर करून उपयोग नाही.

मोदीखाना_गल्ली_२:
दादा, मग ती यादी आपणच सुरू करूया ना इथे. मी मोदीखाना, भीमपुरा आणि बाबाजान चौकाचा भाग बघते, फोटो काढून टाकते, बाहेरूनच, आणि कुणाच्या घराचा पत्ता न देता.

रेल्वे_वेडा:
मी घोरपडी बाजूच्या रेल्वेच्या इमारती घेतो. पण स्टेशन आणि लष्करी भागात फोटोला परवानगी लागते, सगळ्यांनी लक्षात ठेवा, गेटवर हुज्जत घालू नका.

सोलापूर_बाजार:
ठरलं. प्रत्येक इमारतीसाठी एवढंच लिहा: बांधल्याचं साल पक्कं माहीत असेल तर, दगड की वीट, छप्पर कौलारू की पत्र्याचं, सध्या काय वापर आहे, आणि चुनेगच्ची म्हणतात तसं दर्जांत चुना आहे की सिमेंट. कोनशिला दिसली तर तिचा फोटो आधी. ईस्ट स्ट्रीट आणि सोलापूर बाजार माझ्याकडे, खडकी बाजार @खडकी_स्टेशन यांच्याकडे. शिवाजीनगर भांबुर्डेकर घेणार का?

भांबुर्डेकर:
घेतलं. कृषी महाविद्यालयापासून सुरू करतो, शनिवारी पहिले फोटो टाकतो.